न पिणाऱ्याचं लिव्हर

परभणीच्या त्या दवाखान्यात बाक एकच आणि माणसं भरपूर. मी भिंतीला पाठ टेकून बसलो होतो. आतून एक नर्सबाई आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि बसस्टँडवर गाडी पुकारावी तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "लिव्हरवाले कोण? लिव्हरवाले, चला आत."

मी उठलो. बाकाच्या टोकाला आमच्या जिंतूरच्या गल्लीतला किराणा दुकानदार बसला होता. गुडघे दाखवायला आला होता. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि हळूच मान हलवली. त्या मान हलवण्यात दुःख होतं, सहानुभूती होती, आणि आपला अंदाज खरा निघाल्याचं एक बारीकसं समाधानही होतं.

आता त्याचा अंदाज काय होता हे कळायला माझी थोडी ओळख हवी. मी जिंतूरला एका शाळेत कारकून आहे. पन्नाशी ओलांडली आहे. शुगर काही वर्षांपासून सोबतीला आहे, गोळ्या चालू आहेत. दारू मी आयुष्यात प्यालेलो नाही. हे मी छाती ठोकून सांगतो आणि ऐकणारे तितक्याच मनापासून हसतात, कारण गणपतीत आमच्या मंडळाचं नाटक असतं आणि त्यात दारुड्याचं काम माझ्याकडे असतं. नाटक कुठलंही असो. पौराणिक घेतलं तरी आमची मंडळी त्यात कुठूनतरी एक दारुडा घुसवतात, नाहीतर प्रेक्षक उठून जातात. मी विंगेतून येतो तो एका पायावर. दुसरा पाय कुठं ठेवावा याचा विचार करत हवेत. हातातल्या बाटलीत कोरा चहा. तो मी एका दमात घशात ओततो, बाहीनं तोंड पुसतो, आणि मग कुठं पहिलं वाक्य. लोक म्हणतात, अनुभवाशिवाय हे जमत नाही.

तर असा मी डॉक्टरांपुढे बसलो. सोनोग्राफी झाली होती, रक्त तपासून झालं होतं, आणि लिव्हर किती कडक झालंय हे सांगणाऱ्या एका मशीनखालीही मला झोपवून झालं होतं.

"लिव्हरवर चरबी चढलीय," डॉक्टर म्हणाले. "आणि थोडं कडक व्हायला लागलंय. पिणं किती आहे?"

"अजिबात नाही."

"कधीतरी? पार्टीत?"

"कधीच नाही, साहेब."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो पुसण्याइतका मळलेला नव्हता. "बरं. न पिताही होतं हे. शुगर असलेल्यांना जास्त होतं. गोड, तळण, भाताचे डोंगर, खुर्चीवर बसून काम, हे पोट. सगळं जाऊन लिव्हरमध्ये साचतं. अजून वेळ गेलेली नाही. वजन उतरवलं, खाणं बदललं, रोज पायी चाललात, तर ते परत मऊ होऊ शकतं. नाहीतर हळूहळू दगड होईल, आणि मग मी काही करू शकणार नाही. पोळ्याच्या आसपास पुन्हा मशीनवर बघू."

मी मान हलवली. घसा कोरडा पडला होता. रंगमंचावर घसा कोरडा पडल्याचा अभिनय मी उत्तम करतो. खरा पडला तेव्हा कळलं की तो मी चुकीचा करत होतो.

"आणि दारूचा थेंब नको," डॉक्टर पुढे म्हणाले. "आधीच चरबी, त्यावर दारू म्हणजे जळत्या कडब्यावर रॉकेल. शिवाय शुगरच्या माणसाला दुसराही धोका. उपाशी पोटाला रक्तात साखर कोण पुरवतं? लिव्हर. दारू पोटात गेली की ते बाकी कामं टाकून तिच्याच मागं लागतं. गोळी घेतलेली, पोट रिकामं, वर दारू, मग शुगर धाडकन खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो. आणि भोवतीचे म्हणतात, चढली त्याला. झोपू द्या. झोपेतच माणूस जातो."

"पण साहेब, मी पीत नाही."

"नसाल पीत. ओळखीत कोणी असेल त्याला सांगा," डॉक्टर म्हणाले, आणि 'ओळखीत कोणी' हे शब्द त्यांनी अशा मायेनं उच्चारले की मला ओरडावंसं वाटलं. मग मी त्यांना नाटकाचं सांगितलं. कोऱ्या चहाचंही.

"त्यात साखर असते?"

"भरपूर. आवाज मोकळा राहतो."

"म्हणजे तालमीलाही तेच?"

"तालमीला जास्त."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "मग तुम्ही खरे दारुडे आहात की. फक्त बाटलीत साखर आहे."

जिंतूरची बस पकडून मी घरी पोचलो तोवर बातमी माझ्याआधी उतरली होती. दुकानदाराचे गुडघे दुखत होते, तोंड दुखत नव्हतं. बायको दारातच उभी होती.

"लिव्हर गेलं म्हणं तुमचं."

"गेलं नाही. जायलाय. थांबवता येतं."

"आन तुमी प्यायलाव म्हणं."

"तू तीस वर्षं माझ्या शेजारी झोपतीस. तुला कधी वास आला?"

"मला म्हाईत हाय हो," ती म्हणाली. "मी गल्लीतल्या बायांलाबी तेच सांगितलं. तर त्या म्हणल्या, अगं, चांगली बाई म्हणून झाकायलीस."

पुढच्या आठवड्यांत जे घडलं ते मी कुठल्या नाटकात घातलं असतं तर लोकांनी अतिशयोक्ती म्हणून नाकं मुरडली असती. सगळा गाव माझं लिव्हर वाचवायला निघाला. कसं? तर मला दारूपासून लांब ठेवून. लग्नाच्या वरातीत पोरं कोपऱ्याकडे सरकली की दोन मोठी माणसं माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभी राहत. आणि दारूपासून वाचवलेल्या माणसाच्या हातात काहीतरी द्यायला पाहिजे म्हणून मला जिलबी देत. "खा, गुरुजी. ह्याच्यानं काय होत न्हाई." शाळेतल्या कारकुनालाही आमच्याकडे गुरुजीच म्हणतात.

त्यात उसाचा रस. आमच्याकडे कावीळ झालेल्याला उसाचा रस देतात. कावीळ लिव्हरची, माझी बिमारीही लिव्हरची, म्हणजे इलाज एकच. दिवस उन्हाळ्याचे, रस्त्याच्या प्रत्येक वळणावर रसवंती. मी दिसलो की कोणीतरी हाक मारायचं, चरक फिरायचा, घुंगरं वाजायची आणि बर्फ टाकलेला ग्लास पुढे यायचा. शुगर असलेल्या माणसाच्या लिव्हरला उसाचा रस. मी नको म्हटलं की लोक खिन्न व्हायचे. "सोडवत न्हाई त्याला," असं एक जण दुसऱ्याला म्हणाल्याचं मी ऐकलं.

मी मात्र डॉक्टरांचं ऐकायला लागलो होतो. दोन वेळा ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, काकडी. चहा बिनसाखरेचा. पहाटे येलदरीच्या रस्त्यानं लांबवर चालणं. पँट ढिली व्हायला लागली होती. मनात मात्र पोळ्याची तारीख कायम. रात्री कूस बदलताना हात आपोआप उजव्या बरगडीखाली जायचा. आत काय चाललंय, मऊ होतंय की दगड, बाहेरून काहीच कळत नाही. पोटदुखी नाही, काही नाही. लिव्हर फार सभ्य अवयव आहे, शेवटपर्यंत तक्रार करत नाही.

आणि अशात आला धोंड्याचा महिना.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि त्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालावंच लागतं. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता साक्षात नारायण. पाय धुवायचे, गंध लावायचं, दिवा ओवाळायचा आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून वाढायचे. नारायणानं नको म्हणायचं नसतं. ज्या घरात नारायण नको म्हणाला, त्या घरची सासू महिनाभर अन्नाला शिवत नाही असं म्हणतात. माझी सासू तर वर्षभर शिवली नसती.

सासुरवाडी पेडगावची. थोडी शेती, गळ्यात माळ घातलेले सासरे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. एकच विचारलं होतं, "पेता का?" मी नाही म्हणालो आणि त्यांनी मुलगी दिली. आता जिंतूरची बातमी पेडगावला पोचली होती.

"जायचं कसं?" मी बायकोला म्हणालो. "मामांना काय सांगू?"

"खरं सांगा."

"काय खरं? दारूनं झालं नाही, मामींच्या पुरणानं झालं, असं सांगू?"

अडचण तिथंच होती. दारुड्या ठरलो तर सासऱ्यांची मान खाली, आणि निर्दोष सुटायचं तर सासूच्या हातावर आरोप. तीस वर्षं त्या बाईनं मला प्रत्येक सणाला, प्रत्येक भेटीला, पोट फुटेस्तोवर खाऊ घातलं होतं. त्या हातांना काय म्हणायचं?

आम्ही गेलो. माझे साडूभाऊ आधीच येऊन ओसरीवर बसले होते. ते पूर्णेला रेल्वेत आहेत. शुगर त्यांनाही आहे, गोळ्या त्यांनाही आहेत. फरक इतकाच की ते पितात, आणि हे पेडगावात कोणालाही ठाऊक नाही. दिसायला सडपातळ, कपाळाला गंध, बोलणं गोड. त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा दाट वास होता. सासरे मात्र त्यांच्याकडे पाठ करून माझ्या शेजारी येऊन बसले. माझी पाण्याची बाटली त्यांनी सहज उचलली, झाकण काढलं आणि हुंगली.

"पाणी हाय, मामा," मी म्हणालो.

"बगतो," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा हुंगलं. मग बाटली परत दिली, पण चेहरा तसाच राहिला.

पाट मांडले. पाय धुतले. सासूबाई आतून ताट घेऊन आल्या, आणि मी ते ताट पाहून मनातल्या मनात पोळ्याच्या तारखेला हात जोडले. धोंडे, वर तूप, वाटीभर आमरस, कुरडया, भजी. आणि माझ्या एकट्याच्या ताटापाशी तांब्याभर उसाचा रस.

"जावईबापू, ह्यो खास तुमच्यासाठी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या. "झालं गेलं इसरून जा. आता ते सोडलं का न्हाई, मग पोटभर खा. मी हाय."

नवस फेडावा तशी ती बाई ताटापुढे उभी होती. मी धोंड्याला हात लावला. तोडला. घास उचलला. शप्पथ सांगतो, त्या क्षणी मला पूर्ण आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम करायचं होतं आणि संवाद कोणीच लिहून दिला नव्हता.

तेवढ्यात शेजारी साडूभाऊ काहीतरी बोलले. "गाडीला शिटी न्हाई," असं काहीसं. मग हसले. मग हात पुढे केला तो ताटात न पडता पाटावर पडला.

सासऱ्यांनी मान वळवली. कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटलं, "आता ह्येबी का?"

"उचला त्यांला," सासरे म्हणाले. आवाज गार होता. "आत नेऊन निजवा. उतरंल."

आता इथं मी माझ्या धंद्याचं सांगतो. दारुड्या कसा हलतो हे मला पाठ आहे. दारुड्या सैल असतो. कमरेतून डोलतो, चेहरा तांबडा, हसू ओघळणारं. साडूभाऊ सैल नव्हते. त्यांचे हात बारीक थरथरत होते, सतारीच्या तारेसारखे. चेहरा पांढरा पडला होता. सदरा पाठीला चिकटला होता आणि कपाळावरचं गंध घामानं नाकावर आलं होतं. ऊन होतं, पण तो घाम उन्हाचा नव्हता. नट म्हणून मला एकदम जाणवलं की हा माणूस दारुड्याचं काम अत्यंत वाईट करतोय. आणि दवाखान्यातलं ते वाक्य कानात वाजलं. झोपू द्या म्हणतात.

"निजवू नका," मी उठलो. "साडूभाऊ, सकाळी गोळी घेतली?"

"घे... घेतली."

"खाल्लं काय?"

"धोंड्यासाठी... जागा..."

जागा ठेवली होती. सकाळची गोळी घेऊन, पोट रिकामं ठेवून, वर वाटेत परभणीत कुणाकडे तरी दोन घोट मारून, धोंड्यासाठी जागा ठेवली होती.

"तोंड उघडा. गिळता येतंय का? माझ्याकडे बघा." ते शुद्धीत होते, घोट घेत होते. मी तो तांब्या उचलला आणि त्यांच्या तोंडाला लावला. उसाचा रस, माझ्या लिव्हरसाठी आलेला. घोट घोट करून निम्मा तांब्या पोटात गेला. सासूबाई किंचित ओरडल्या, "अवो, त्यो तुमचा हाय."

"मामी, आज ह्यांचा."

आम्ही वाट पाहिली. नंतर मला कळलं की ती दहा-पंधराच मिनिटं होती. तेव्हा वाटलं, अख्खा अधिक महिना जातोय. मग त्यांचे हात थांबले. डोळे जागेवर आले. त्यांनी ताटाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं? सगळे उभे का हायती?"

माझी बायको भिंतीला टेकून खाली बसली. मेहुणी रडायलाच लागली. मी साडूभाऊंना सकाळच्या भाकरीचे दोन घास खायला लावले आणि गावातली जीप बोलावली. दारूनं उतरलेली शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून दवाखाना टाळायचा नाही, हेही डॉक्टरांनी त्या 'ओळखीतल्या' माणसासाठी सांगून ठेवलं होतं.

जीप येईपर्यंत सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं.

"उपाशी पोटी गोळी घेतली मामा, म्हणून झालं," मी म्हणालो.

"मला नाक हाय," ते म्हणाले. "मी तुमची बाटली हुंगत बसलो."

"तुमचा काय दोष. सगळा जिंतूर हुंगतोय."

"मग तुमचं लिव्हर कशानं गेलं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दाराशी उभ्या होत्या, रिकामा तांब्या हातात. मला नाही बोलता आलं. बोलली ती माझी बायको. खाली बसल्या बसल्याच, डोळे पुसत.

"आई, ते पेत न्हाईत. त्यांचं लिव्हर गोडानं अन् तुपानं झालंय. माझ्याबी हातचं अन् तुझ्याबी हातचं. आपुन दोघींनी मिळून केलंय."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. माझ्या ताटाकडे पाहिलं, जिथं तोडलेला धोंडा तसाच होता.

"मग तीस वर्सं नगं म्हणायला तोंड न्हवतं का जावईबापूला?" त्या म्हणाल्या. "नाटकात तर लय बोलतेत म्हणं."

त्या आत गेल्या. चुलीवर तवा आपटल्याचा आवाज आला, मग पीठ थापल्याचा. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. त्याच ताटात, त्याच दिव्यापाशी, त्यांनी ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी आणि एक कांदा ठेवला. दिवा पुन्हा ओवाळला. धोंडे बांधून बाजूला ठेवले. म्हणाल्या, "नारायणानं हात लावला, आता ते देवळात वाटा. नारायणाला भाकरी चालंल. न चालायला काय झालं."

ती भाकरी मी जीपमध्ये साडूभाऊंच्या शेजारी बसून खाल्ली. इतकी चांगली भाकरी मी कधी खाल्ली नाही.

साडूभाऊंना परभणीच्या त्याच दवाखान्यात ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. डॉक्टरांनी मला दारात पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे खरंच ओळखीतले होते." साडूभाऊंनी तेव्हापासून सोडलीय असं ते म्हणतात. मेहुणी म्हणते, अधूनमधून घसरतात, पण वाटेवर आहेत. सासऱ्यांनी त्यांना एक शब्द विचारला नाही. फक्त हल्ली पेडगावला गेलं की आधी त्यांच्या शेजारी जाऊन बसतात.

पोळा आला. मी पुन्हा त्या मशीनखाली झोपलो. बरगड्यांवर टकटक व्हायला लागलं. डॉक्टर पडद्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे, कारण चेहरे वाचायची मला सवय आहे. त्यांचा चेहरा मात्र कोरा होता. नट म्हणून कौतुक वाटलं, रोगी म्हणून जीव गेला.

"शर्ट घाला," ते म्हणाले. "मऊ व्हायला लागलंय. अजून पूर्ण नाही. पण चाल उलटी फिरलीय. हेच चालू ठेवा."

बाहेर आलो तेव्हा पायांना जमीन लागत नव्हती. बायको बाकावर बसली होती. मी काही न बोलता तिच्यापुढे एका पायावर उभा राहिलो, दुसरा हवेत, माझ्या एंट्रीसारखा. तिला कळलं. "पाय खाली घ्या," ती म्हणाली, "नर्सबाई बगायल्यात." आणि पदरात तोंड लपवून हसत राहिली.

गणपतीत नाटक झालं. पेडगावहून सासरे पहिल्यांदाच आले, पुढच्या रांगेत बसले. मी विंगेतून आलो, बाटली उचलली, एका दमात घशात ओतली. तालमीला मी नुसत्या पाण्यावर भागवलं होतं; बिनसाखरेचा कोरा चहा एका दमात किती कडू लागतो हे तिथंच कळलं. तोंड असं काही वेडंवाकडं झालं की मैदान हसून फुटलं. पुढच्या रांगेतला किराणा दुकानदार सासऱ्यांकडे झुकला आणि म्हणाला, "बुवा, बघा, आज तर खरीच घेऊन आलाय." हे मला नंतर सासऱ्यांनीच सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात, मामा?"

"काय म्हणू? म्हणलं, चहा हाय. त्यात साखर न्हाई, माझ्या लेकीनं माझ्यासमोर भरलाय." "त्यो म्हणला, तुमी चांगले सासरे म्हणून झाकायलाव."